गांव करी तें राव न करी. पण गांव म्हणजे कोण?

"गांव करी तें राव न करी" ही म्हण आपल्याकडे पोराथोरांच्या तोंडीं आहे. देवळाचा जीर्णोद्धार निघाला किंवा जत्रेचा तमाशा ठरला, कीं वर्गणीची वही घेऊन दारोदार फिरणारा पुढारी ती हटकून ऐकवितो. वर्गणी जमते, काम होतें किंवा होत नाहीं, आणि म्हण पुढल्या जत्रेपर्यंत कोनाड्यांत जाऊन बसते. म्हण खोटी नाहीं. मराठी मुलखांत कांहीं गांवांनीं ती आपल्या हातांनीं खरी करून दाखविली आहे. परंतु त्याच म्हणीच्या जोरावर कित्येक गांवांत दुबळ्याची मुस्कटदाबीही होत आली आहे. तेव्हां आज आम्ही या म्हणीचा जमाखर्च मांडणार आहों. ज्यांनीं केलें त्यांनीं नेमकें काय केलें, आणि जेथें फसलें तेथें काय चुकलें, हें शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं शांतपणें वाचावें आणि मग आपल्या गांवाकडे पाहावें.

प्रथम नगर तालुक्यांतील हिवरे बाजार घ्या. जिल्ह्याचें नांव पूर्वीं अहमदनगर होतें, सन २०२४ पासून तें अहिल्यानगर झालें. पण नांव बदललें म्हणून कोठें पाऊस वाढत नाहीं. तेथें सरासरी पाऊस वर्षाला चारशें मिलिमीटरांच्या आसपास. सन १९७२ च्या दुष्काळानें गांवाचें कंबरडें मोडलें. विहिरी आटल्या, डोंगर उघडे पडले, कर्तीं माणसें मजुरीसाठीं शहराकडे गेलीं, आणि जीं मागें राहिलीं त्यांच्यांतल्या पुष्कळांनीं हातभट्टीचा धंदा धरला. एवढ्याशा गांवांत दारूचे बावीस गुत्ते होते! सरकारी नोकराला शिक्षा करावयाची तर त्याची बदली हिवरे बाजारास करावी, अशी त्या गांवाची ख्याति झाली होती. सन १९८९ मध्यें गांवच्या तरुणांनीं आपल्यांतलाच एम. कॉम. झालेला मुलगा, पोपटराव पवार, यांस बिनविरोध सरपंच केलें. आकाशांतून कोणी अवतार उतरला नाहीं, सरकारानें खजिना उघडला नाहीं. गांव एके ठिकाणीं बसलें, आणि आपलें काय चुकतें हें एकमेकांच्या तोंडावर बोलूं लागलें, एवढेंच झालें. पण तें एवढेंच फार मोठें होतें.

त्यांनीं नियम केले ते कोणाही अडाण्याला कळतील असे. डोंगरावर जनावर सोडावयाचें नाहीं, झाडावर कुऱ्हाड घालावयाची नाहीं, दारू गाळावयाची नाहीं व प्यावयाची नाहीं, कुटुंब लहान ठेवावयाचें, आणि गांवाच्या कामावर अंगमेहनत करावयाची. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान, अशी ही पंचसूत्री. पुढें त्यांत आणखी नियम आले. शेतीसाठीं विंधनविहीर घ्यावयाची नाहीं, ऊंस-केळीसारखें पाणी पिणारें पीक लावावयाचें नाहीं, आणि गांवची जमीन बाहेरच्याला विकावयाची नाहीं. डोंगरउतारावर समपातळीचे चर खणले, ओढ्यांवर बांध घातले, झाडें लावलीं. दरसाल पाऊस मोजावयाचा, विहिरींतलें पाणी मोजावयाचें, माणसांचें व जनावरांचें पिण्याचें पाणी आधीं बाजूस काढावयाचें, आणि उरेल त्यावर कोणतें पीक घ्यावयाचें हें ग्रामसभेंत ठरवावयाचें. वाण्याच्या वहीसारखा पाण्याचा हा हिशेब आहे. आड्यांत असेल तितकेंच पोहऱ्यांत येईल, हें त्या गांवानें कागदावर उतरविलें.

फळ काय मिळालें तें पाहा. सन १९९५ च्या सुमारास गांवांतल्या १८० कुटुंबांपैकीं १६८ कुटुंबें दारिद्र्यरेषेखालीं होतीं. पुढच्या पंधराएक वर्षांत ती संख्या तीनवर आली. दिवसाला दीडशें लिटर दूध निघत असे, तें चार हजार लिटरांच्या घरांत गेलें. शहरांत गेलेलीं कित्येक कुटुंबें उलट पावलीं गांवीं परतलीं. सन २०२० मध्यें सरकारानें पोपटरावांस पद्मश्री जाहीर केली. पण आम्हांस पदकापेक्षां दूध मोलाचें वाटतें, कारण पदक एकाच्या छातीवर लागतें आणि दूध पुष्कळांच्या पोरांच्या पोटांत जातें.

यांत जादू कोणती? फळ्यावर मांडण्याजोगें साधें गणित आहे. एका एकरावर चारशें मिलिमीटर पाऊस पडला तर वर्षाकांठीं सोळा लाख लिटर पाणी आकाशांतून फुकट येतें. डोंगर उघडा असेल तर तें धांवत येतें, वाटेंत मातीचा चांगला थर खरवडून घेतें, ओढ्याला जातें आणि चार दिवसांत गांवाबाहेर पडतें. तेंच चरांत अडलें, गवताच्या मुळाशीं थबकलें, तर हळूहळू जमिनींत मुरतें आणि फाल्गुनांत विहिरीला झरा होऊन भेटतें. धांवत्या पाण्याला चालावयास लावावें, चालत्याला थांबवावें, थांबलेल्याला मुरवावें, इतकीच ती विद्या आहे. आणि ही विद्या कांहीं परदेशांतून आलेली नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांनीं सन १८८३ सालीं "शेतकऱ्याचा असूड" लिहिला, त्यांत पाणी शेतांत मुरेल अशा बेतानें ठिकठिकाणीं तालीबंधारे बांधावेत, व त्या कामाला सरकारानें फौजेंतले रिकामे शिपाई लावावेत, असें स्पष्ट सुचविलें आहे. हिवऱ्याच्या लोकांनीं हातांत कुदळ घेतली त्याच्या शंभर वर्षें आधीं आपल्याच एका माळ्यानें हें लिहून ठेवलें होतें. आपण त्याच्या तसबिरीला हार घालतों, आणि पुस्तक मात्र कपाटांत ठेवतों.

दारूच्या बाबतींतही हिवऱ्यानें शहाणपण केलें. गुत्ते बंद केले ते नुसता दम देऊन नव्हे. गुत्तेवाल्यालाही चूल असते. त्यानें भट्टी मोडली तर उद्यां खावें काय, हा प्रश्न गांवानें आपला मानला, आणि बँकेकडून कर्ज मिळवून देऊन त्यांस दुसऱ्या धंद्याला लावलें. वाईट धंदा बंद करावयाचा तर चांगल्या धंद्याची वाट आधीं मोकळी करावी लागते. हें न करितां जो सुधारणेचें व्याख्यान झोडतो त्याला लोक समोर टाळ्या देतात व मागें हंसतात.

आतां त्याच जिल्ह्यांतील पारनेर तालुक्याचें राळेगणसिद्धी पाहूं. लष्करांतून परत आलेल्या अण्णा हजारे यांनीं सन १९७५ पासून तेथें काम मांडलें. स्वतःचे पैसे घालून यादवबाबांचें पडकें देऊळ दुरुस्त केलें, त्यावरून लोकांचा विश्वास बसला, आणि नालाबंधारे, झाडें, शाळा, दारूबंदी असें एकेक काम उभें राहिलें. सरकारची आदर्श गांव योजना सन १९९२ मध्यें निघाली ती याच गांवाचा कित्ता समोर ठेवून. हें ऋण मान्य केलेंच पाहिजे. पण त्याच गांवांत दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून लष्करी पट्ट्यानें फटके मारण्यांत आले, हेंही अण्णांनीं स्वतःच सांगितलेलें आहे. आईही मुलाला मारते, असा त्याचा बचाव केला जातो. आम्हांला तो पटत नाहीं. आई आणि मूल यांचें नातें निराळें, आणि गांवांतला वजनदार व गांवांतला कंगाल यांचें निराळें. आज दारूसाठीं पट्टा चालला, तर उद्यां मोठ्या माणसापुढें खाट न सोडणाऱ्यासाठीं तो चालणार नाहीं, याची हमी कोणीं द्यावी? आपल्या बापजाद्यांच्या पाठीनें असले पट्टे पुष्कळ पाहिले आहेत. चांगल्या कामासाठीं उगारलेली काठी काम झाल्यावर कोपऱ्यांत उभी राहते, आणि ती पुढें कोणाच्या हातीं जाईल हें सांगतां येत नाहीं.

म्हणून आमच्या मतें सर्वांत मोठा धडा नगर जिल्ह्यांत नसून गडचिरोलीच्या रानांत आहे. धानोरा तालुक्यांत मेंढा, ज्याला मेंढा-लेखा म्हणतात, हें गोंड आदिवासींचें पांचएकशें वस्तीचें गांव. "दिल्ली-मुंबईंत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार" ही त्या गांवाची घोषणा. पण घोषणेपेक्षां त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. ग्रामसभेंत निर्णय बहुमतानें होत नाहीं, सर्वमतानें होतो. एक जरी माणूस अडला तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो, त्याचें म्हणणें पुन्हां ऐकलें जातें. बायका सभेला पुरुषांच्या बरोबरीनें बसतात. सभेशिवाय त्यांचे अभ्यासगट चालतात. देवाजी तोफा हा त्याच गांवचा माणूस आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून येऊन शिकणारे-शिकविणारे मित्र. अशांच्या संगतीनें कायदा काय आहे, जंगलाचा नकाशा कसा वाचावा, हिशेब कसा ठेवावा, हें तीं माणसें आधीं शिकतात आणि मग ठरवितात. ज्याला आपण रानटी म्हणून हिणवितों त्या समाजानें ही रीत पाळावी, आणि आपल्या सुधारलेल्या गांवांत हात वर करण्यापूर्वीं पाटलाच्या तोंडाकडे पाहावें लागावें, यांतला रानटी कोण?

या शिकण्याचें फळ असें कीं, सन २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं सुमारें अठराशें हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशांतल्या पहिल्या गांवांत मेंढा आलें. हक्काचा कागद सन २००९ मध्यें हातीं पडला. तरी जंगलखातें बांबू तोडून नेऊं देईना. गांव हटलें नाहीं, आणि दगडही मारला नाहीं. शेवटीं एप्रिल २०११ मध्यें केंद्राचे मंत्री जयराम रमेश यांना गांवांत येऊन वाहतूक परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं द्यावें लागलें. ज्या बांबूच्या मोळीसाठीं गार्डापुढें हात जोडावे लागत, त्याच बांबूचा लिलाव आतां ग्रामसभा करूं लागली. सन २०१३ मध्यें गांवानें आणखी पुढें जाऊन ग्रामदान कायद्याप्रमाणें आपल्या जमिनी ग्रामसभेच्या नांवें करण्याचें ठरविलें. हें सर्वांना जमेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण आधीं शिकावें, मग बसावें, मग सर्वांनीं मिळून ठरवावें, हा क्रम सर्वांना जमण्यासारखा आहे.

येथें मूळ प्रश्नाशीं आपण आलों. गांव करी तें राव न करी. पण गांव म्हणजे कोण? देवळाच्या पारावर बसलेले दहा फेटे म्हणजे गांव काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत खेड्यांची फाजील स्तुति करणाऱ्यांना सडेतोड उत्तर दिलें, आणि राज्यघटनेचा पाया गांव हा नसून माणूस हा धरला आहे याबद्दल समाधान व्यक्त केलें. पुष्कळांना त्याचा राग आला. पण ज्याचें घर वेशीबाहेर, ज्याची विहीर निराळी, ज्याच्या मयताची वाट निराळी, त्याला गांवाच्या एकीचीं गाणीं कशीं गोड लागावीं? जुन्या गांवगाड्यांत बारा बलुतेदार गुण्यागोविंदानें नांदत होते असें सांगणारे, त्या गाड्याखालीं कोण चिरडत होतें हें सांगत नाहींत. सुतार-लोहाराला वर्षभर राबवून सुगीला त्याच्या पदरांत किती पेंढ्या पडत, हें त्याच्या घरच्या बाईला विचारावें.

गांवाची एकी म्हणजे अन्यायाचेंही हत्यार होऊं शकते, याचा पुरावा शोधावयास लांब जावयास नको. कोंकणांतल्या गांवक्या आणि निरनिराळ्या जातींच्या पंचायती यांनीं कोणा कुटुंबाला वाळींत टाकावें, त्याच्याशीं बोलणाऱ्याला दंड करावा, त्याच्या मयताला खांदा देऊं नये, हे प्रकार इतके झाले कीं महाराष्ट्राला सन २०१६ मध्यें सामाजिक बहिष्काराविरुद्ध निराळा कायदा करावा लागला. हा कायदा सन २०१७ पासून अंमलांत आहे, आणि वाळींत टाकणें हा आतां गुन्हा आहे. आमच्या वाचकांपैकीं कोणी असल्या पंचांच्या दडपणाखालीं असेल तर त्यानें हें वाक्य दोनदां वाचावें. गांव एक झालें म्हणजे नेहमींच बरोबर असतें असें नाहीं. एकी कशासाठीं आणि कोणाच्या जिवावर, हें आधीं विचारलें पाहिजे. जोतीरावांनीं सन १८६८ मध्यें आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला तेव्हां गांव त्यांच्या बाजूला नव्हतें. आणि तरी बरोबर तेच होते.

उलट, गांवानें मनांत आणलें तर शेंकडों वर्षांची रूढि एका सभेंत कशी ढिली होते, याचें उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ तालुक्यांतील हेरवाड गांवानें घालून दिलें. नवरा वारला कीं बायकोच्या बांगड्या फोडावयाच्या, मंगळसूत्र तोडावयाचें, कुंकू पुसावयाचें, आणि पुढें जन्मभर तिला शुभकार्यांत मागें उभी करावयाची, हा प्रकार बंद करण्याचा ठराव हेरवाडच्या ग्रामसभेनें मे २०२२ मध्यें केला. राजर्षि शाहू महाराजांच्या निधनाला त्याच महिन्यांत शंभर वर्षें झालीं. त्यांचें स्मरण करण्याची ही रीत आम्हांला कोणत्याही पुतळ्यापेक्षां अधिक आवडली. सरकारानें त्याच महिन्यांत परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरविण्यास सांगितलें, आणि पुष्कळ गांवांनीं तसे ठराव केले. ठरावाचा कागद म्हणजे सुधारणा नव्हे, हें खरें. पुढल्या हळदीकुंकवाला त्याच बाईला कोण बोलावतें, यावर त्याची परीक्षा आहे. पण कागदावर गांवाची सही आहे म्हटल्यावर त्या घरच्या सुनेला निदान बोट ठेवावयास एक ओळ तरी मिळाली. आजवर तीही नव्हती.

आतां कायदा तुमच्या हातीं काय देतो तें सांगतों. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनें सन १९९३ पासून पंचायतींना घटनेचा आधार मिळाला. ग्रामसभा वर्षांतून निदान चार वेळां भरली पाहिजे, आणि तिच्या आधीं बायकांची निराळी सभा झाली पाहिजे. ग्रामसभेची गणसंख्या गांवच्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसें, यांतली जी कमी ती. म्हणजे हजार मतदारांच्या गांवांत शंभर माणसें पुरतात. आणि तेवढींही जमत नाहींत! सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेल्या सभेला गणसंख्येची अट राहत नाहीं. मग पांचसात टाळकीं बसतात, लाखों रुपयांच्या कामांना मंजुरी देतात, आणि वहीवर सह्या मागाहून घरोघर फिरून घेतल्या जातात. सही देतांना आपण विचारतों का, कीं बाबा, वर काय लिहिलें आहे? जो कागद न वाचतां सही देतो त्यानें मागाहून चोराला शिव्या देऊं नयेत. पूर्वीं सावकाराच्या रोख्यावर आपल्या आजोबांनीं अंगठा उठविला, कारण त्यांना अक्षर येत नव्हतें. आपल्याला येतें, मग आपला अंगठा कां उठतो?

दारूबाबत तर बायकांच्या हातीं पक्कें हत्यार आहे. गांवांतील किंवा शहराच्या वॉर्डांतील परवान्याचें दुकान बंद व्हावें असें वाटत असेल, तर तेथल्या स्त्री मतदारांपैकीं चौथा हिस्सा स्त्रियांनीं लेखी मागणी करावी. मग गुप्त मतदान होतें. एका चिठ्ठीवर उभी बाटली व आडवी बाटली अशीं दोन चित्रें असतात. निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांचें मत आडव्या बाटलीला पडलें कीं दुकान बंद. यांत मारामारी नाहीं, खांबाला बांधणें नाहीं. चित्र पाहून शिक्का मारावयाचा आहे. हें हत्यार गंजूं देऊं नये.

एक सावधगिरी सांगणें भाग आहे. सन २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेनें महाराष्ट्रांत श्रमदानाची मोठी लाट आणली. पहिल्या वर्षीं वरूड, कोरेगांव व अंबाजोगाई हे तीन तालुके, आणि पुढें सन २०१९ पर्यंत पुष्कळ तालुके. उन्हांत बायापोरांनीं चर खणले, हें दृश्य खरोखर डोळ्यांत पाणी आणणारें होतें. पण स्पर्धा संपल्यावर पाण्याचा हिशेब कोणी ठेवतो का? बांध घालून पाणी मुरविलें, आणि तें वर आलेलें पाहून ज्याच्या गांठीं पैसा त्यानें पांचशें फुटांची विंधनविहीर मारून ओढून घेतलें, तर श्रम सर्वांचे आणि ऊंस एकाचा! हिवऱ्याचें यश खणण्यांत जेवढें आहे तेवढेंच खणल्यावर पाळलेल्या नियमांत आहे. श्रमदान दोन महिन्यांचें असतें, नियम बारा महिन्यांचा.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. मोरिवली व तिच्या आसपासचीं अंबरनाथ-बदलापूरकडचीं गांवें दुष्काळी नव्हेत. नगरकडे पडतो त्याच्या सहापट पाऊस येथें पडतो. एका एकरावर कोटभर लिटर पाणी दरसाल उतरतें. आणि तरी शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर, जेथल्या धरणांचें पाणी मुंबईकर पितात तेथेंच, वैशाखांत बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. पाऊस उदंड, पण अडवावयास गांव एक नाहीं. आपल्याकडे दुष्काळ पावसाचा नसून एकत्र बसण्याचा आहे.

शिवाय आपल्या गांवांवर आलेलें संकट निराळ्या जातीचें आहे. हिवऱ्यांतून माणसें शहराकडे गेलीं. येथें शहरच माणसांच्या अंगावर चालून आलें. भातखाचरें गेलीं, कारखान्यांची वसाहत आली, इमले उठले. शिलाहारांच्या काळीं, सन १०६० मध्यें, ज्या कारागिरांनीं अंबरनाथचें शिवमंदिर घडविलें, त्यांनीं ज्या वालधुनीच्या कांठीं तें उभें केलें, ती नदी आज कारखान्यांच्या व गटारांच्या घाणीनें काळी वाहते. जेथें गांव नगरपालिकेच्या हद्दींत गेलें तेथें कायद्याची ग्रामसभाही उरली नाहीं. सातबाऱ्यावरून नांव गेलें, सभेंतून आवाज गेला, आणि हातीं राहिली ती वाढत्या भावाची चार दिवसांची मिजास. आमच्या आगरी, कुणबी, कोळी बांधवांनीं रागावूं नये, पण जमिनीचा पैसा कोठें गेला हें प्रत्येकानें आपल्या घराच्या भिंतींना विचारावें. गाडी, बंगला, आणि लग्न! त्यांतही हळद. लग्नापेक्षां हळद भारी झाली आहे. मांडव, मटण, बाटल्या, कानठळ्या बसविणारे भोंगे, आणि सोयऱ्याच्या हळदीपेक्षां आपली एक टोपली वरचढ व्हावी म्हणून काढलेलें कर्ज. ज्याच्या गांठीं जमिनीचा पैसा आहे तो एका रात्रींत उडवितो. ज्याच्याजवळ नाहीं तो लाजेखातर व्याजानें आणतो. वर कातकरी-ठाकूर बांधवांच्या पाड्यांवर तेंच अनुकरण उतरतें, आणि तेथें तें मजुरीच्या उचलीवर जातें. वीटभट्टीचा मालक उचल देतो, लग्न होतें, आणि नवरा-नवरी दोघें पुढला हंगाम भट्टीवर फेडीत बसतात.

सत्यशोधक समाजाचें पहिलें लग्न डिसेंबर १८७३ मध्यें लागलें, तें थोडक्या खर्चांत आणि मध्यस्थ भिक्षुकावांचून. आज भिक्षुकाची दक्षिणा हा खर्चांतला सर्वांत लहान आंकडा झाला आहे! आतां आपल्याला लुटणारा शेंडीवाला राहिला नसून आपलीच प्रतिष्ठा आहे. तिचा बंदोबस्त एकट्यानें होत नाहीं. एकट्यानें साधी हळद केली तर लोक त्याला कंजूष म्हणतात. साऱ्या गांवानें मिळून ठरविलें तर मात्र कोणाचीच नाक कापली जात नाहीं. गांव करी तें राव न करी, हें येथें अक्षरशः खरें आहे.

तेव्हां मोरिवलीसारख्या गांवांनीं काय करावें? कायद्याची ग्रामसभा नसेल तर नसो. एकत्र बसण्याला कोणत्या सरकारचा परवाना लागतो? महिन्यांतून एक संध्याकाळ शाळेच्या अंगणांत सतरंजी टाकावी. पारावर किंवा देवळांत नको. तेथें सर्वांना सारख्या मोकळेपणानें बसतां येत नाहीं. शाळेंत येतें. बायकांना मागच्या रांगेंत बसवूं नये, आणि त्यांचें बोलणें आधीं ऐकावें. भाड्याच्या खोलींत राहणारा परमुलखांतला मजूर हाही नळाच्या पाण्याला तितकाच धनी आहे, म्हणून त्यालाही बोलवावें. पहिल्या बैठकींत एकच काम घ्यावें: गांवांत जुन्या विहिरी किती, त्यांतल्या किती बुजल्या, कितींत कचरा, कितींत पाणी. सातवीचीं मुलें हा तक्ता आठ दिवसांत करून देतील. दुसऱ्या बैठकींत एक विहीर उपसावी. तिसऱ्या बैठकींत हळदीचा विषय काढावा, आणि कोणी अडला तर त्याला वाळींत न टाकतां मेंढ्याच्या रीतीनें पुन्हां ऐकावें. नगरपालिकेच्या खर्चाचा हिशेब माहितीच्या अधिकाराखालीं मागवावा व तो सर्वांपुढें मोठ्यानें वाचावा. नाल्यांत रात्रीं कोण काय सोडतो, त्याची तारीखवार नोंद ठेवावी. बोभाटा हवेंत जातो, पण तारखेची नोंद अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवतां येते. आणि जो आपल्या वाट्याची जमीन अद्याप राखून आहे त्यानें ती विकण्यापूर्वीं घरांतल्या बायकांना व मुलींना शेजारीं बसवून विचारावें. सातबाऱ्यावर त्यांचाही हक्क आहे.

कोणी म्हणेल, हीं कामें फारच लहान आहेत. हिवऱ्याचें कामही लहानच होतें. एक चर, एक झाड, एक बंद झालेला गुत्ता. तें रोज झालें आणि सर्वांनीं केलें म्हणून मोठें झालें. संत गाडगेबाबांनीं जन्मभर हातांत खराटा धरला. गांवांत आले कीं आधीं रस्ता झाडीत, मग कीर्तन. त्यांच्या नांवानें सरकारानें सन २००० मध्यें ग्रामस्वच्छता अभियान काढलें, बक्षिसें लाविलीं, आणि बक्षिसांच्या निमित्तानें पुष्कळ गांवें झाडलीं गेलीं. पण बाबांना बक्षीस कोणीं दिलें होतें? त्यांनीं परीक्षक येणार म्हणून झाडलें नाहीं. गांव घाण आहे म्हणून झाडलें.

बंधुभगिनींनो, पुढारी येतील, योजना येतील, फलक लागतील, निवडणुका झाल्या कीं फलक उतरतील. राव येतो आणि जातो. गांवाला मात्र येथेंच राहावयाचें आहे. त्या गांवांत वेशीबाहेरचा धरला आहे का, विधवा धरली आहे का, भट्टीवरचा कातकरी धरला आहे का, हें एकदां मोजून पाहा. तीं सर्व सतरंजीवर बसलीं, तर रावाची वाट पाहण्याचें कारण उरणार नाहीं. आणि नाहीं बसलीं, तर ती म्हण वर्गणीच्या वहीबरोबर कोनाड्यांतच राहील. सुज्ञांस अधिक सांगणें न लगे.